अ‍ॅस्परॅगसचा वाफा: लावणी, वाट पाहणं आणि खुडणी

रोमच्या थोरल्या केटोनं इ.स.पूर्व १६० च्या सुमारास शेतीवर जे पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटून दुसऱ्या प्रकरणात अ‍ॅस्परॅगसची लागवड सांगितली आहे. दोरी धरून सरळ ओळीत दोन-दोन, तीन-तीन बिया टोकाव्यात. तण वरचेवर काढावं, मात्र तणाबरोबर रोपं उपटली जाणार नाहीत हे पाहावं. पहिल्या हिवाळ्यात वाफा पेंढ्यानं झाकावा. खत मेंढ्यांच्या लेंड्यांचं घालावं, कारण दुसऱ्या खतातून तण फार येतं. तोडणी तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू करावी आणि आठ-नऊ वर्षांनी झाडं जुनी झाली की गड्डे खणून नव्या जागी लावावेत. लेंडीखताची किंमत ओळखणाऱ्या मराठी शेतकऱ्याला हे प्रकरण आजही समजावून सांगावं लागणार नाही.

आजची बागकामाची पुस्तकं आणि अमेरिकी विद्यापीठांच्या शेती विस्तार सेवेची पत्रकं बऱ्याच बाबतींत केटोच्याच वाटेनं जातात. तरी काही प्रश्नांवर अजून एकमत नाही. चर किती खोल खणावा, बी लावावं की गड्डे, वाफ्यात मीठ टाकावं का, पहिलं पीक कितव्या वर्षी घ्यावं, कोंब हातानं मोडावा की चाकूनं कापावा, खुडणी किती आठवडे चालू ठेवावी. हे प्रश्न सुटे सुटे वाटतात, पण माझ्या मते त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं: खुडणी संपल्यावर वाफ्यात जी हिरवी झुडपं उभी राहतात, त्यांच्यात. एप्रिल-मेमध्ये आपण जे खुडतो ते आदल्या जुलै ते ऑक्टोबर या काळात तयार झालेलं असतं. घरगुती बागांमधले वाफे बिघडतात ते बहुधा ही गोष्ट नजरेआड झाल्यामुळे.

हा आढावा मी न्यू जर्सी डोळ्यांसमोर ठेवून घेतो आहे. तिथल्या मराठी घरांच्या परसात मेथी, गवार, कारली, दुधी असं सगळं पिकतं, पण ती एका हंगामाची पिकं. अ‍ॅस्परॅगस एकदा लावला की नीट सांभाळल्यास १५-२० वर्षं राहतो. शिवाय याच राज्यातल्या रटगर्स विद्यापीठानं घडवलेल्या जाती अमेरिकाभरच्या बागांत गेल्या आहेत.

आधी झाडाकडे नीट पाहू. कोंबावर जे त्रिकोणी खवले दिसतात तीच याची खरी पानं, आणि ती अन्न तयार करण्याच्या कामाची नाहीत. कोंब न खुडता वाढू दिला की त्याला फांद्या फुटतात आणि त्यांवर सुईसारखे बारीक हिरवे तंतू येतात. ते खोडाचेच बदललेले भाग. सूर्यप्रकाशातून साखर तेच बनवतात. जमिनीखाली आडवं वाढणारं खोड असतं, त्यावर डोळ्यांचे झुबके, आणि त्याला जाड मांसल मुळ्यांचा पसारा. हे सगळं मिळून होतो तो गड्डा. उन्हाळ्यात बनलेली साखर या मुळ्यांत साठते. पुढच्या वसंतात माती साधारण १० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की डोळे फुटतात. त्या वेळी झाडावर हिरवं काहीच नसतं, त्यामुळे प्रत्येक कोंब मुळांतल्या साठ्यावरच वर येतो. आपण तो खुडला की पुढचा डोळा जागा होतो आणि पुन्हा त्याच साठ्यातून ओढतो.

न्यूझीलंडच्या संशोधकांनी या साठ्याचं थेट मोजमाप करायची पद्धत बसवली. मुळाचा तुकडा काढायचा, त्याचा रस पिळायचा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहायचा. नाशिकचा द्राक्ष बागायतदार जे उपकरण घेऊन घडाची गोडी तपासतो, तेच हे. आकडा कमी आला तर त्या वर्षीची खुडणी लवकर थांबवायची. घरच्या बागेत मुळं उकरून बघायची गरज नाही, कारण कोंबांची जाडी तीच गोष्ट सांगते. त्याबद्दल पुढे येईलच.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: किमान सहा ते आठ तास ऊन, पाण्याचा निचरा आणि कायमचा मोकळा कोपरा. झुडपं सव्वा ते दीड मीटर उंच होतात, म्हणून वाफा बागेच्या उत्तर कडेला घेतला की इतर भाज्यांवर सावली पडत नाही. दक्षिण जर्सीची वालुकामय जमीन या पिकाला मानवते. मध्य आणि उत्तर भागात पुष्कळ ठिकाणी चिकणमाती आहे. तिथे उंच वाफा केल्याशिवाय लावूच नये, कारण साचलेल्या पाण्यात गड्डे कुजतात. मातीचा सामू ६.५ ते ७.५ हवा आणि इथली जमीन बहुतेक ठिकाणी त्याहून आम्ल असते. रटगर्सच्या प्रयोगशाळेत माती तपासून घेता येते. चुना किती लागेल ते कळलं की तो लावणीआधीच मिसळता येतो. स्फुरदाचंही तसंच. ते जमिनीत जागचं हलत नाही, त्यामुळे वरून टाकलेलं खोल मुळांना मिळत नाही. ते चराच्या तळाशी आधीच घालावं लागतं.

बी की गड्डा, या प्रश्नात फार खल करण्यासारखं नाही. बी स्वस्त पडतं, पण उगवायला दोन-तीन आठवडे घेतं आणि पहिलं पीक वर्षभर लांबतं. एक वर्षाचा गड्डा घेणं सर्वांत सोयीचं. दोन-तीन वर्षांचे मोठे गड्डे महाग मिळतात आणि खणताना त्यांची मुळं जास्त तुटतात, त्यामुळे त्यांनी वेळ वाचतोच असं नाही. चार माणसांच्या घराला २५ ते ४० झाडं पुरतात. पूर्ण वाढलेलं झाड हंगामाला साधारण पाव किलो कोंब देतं.

खोलीचा वाद मात्र मुळातून पाहण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजी आणि अमेरिकी पुस्तकांत हातभर खोल चर खणून तळाशी शेणखताचा जाड थर द्यायला सांगितलेलं असे. त्या श्रमांच्या भीतीनं कित्येकांनी हे पीक लावलंच नसेल. आता शिफारस १५ ते २० सेंटीमीटरवर आली आहे. चिकणमातीत त्याहूनही कमी. खोल लावलं तर कोंब संख्येनं कमी पण जाड येतात आणि उशिरा येतात. उथळ लावलं तर लवकर आणि जास्त येतात, पण बारीक. शिवाय गड्डा दर वर्षी थोडा थोडा वर सरकत जातो, म्हणून अगदी उथळ लावणंही पुढे अडचणीचं ठरतं. दोन झाडांत ३० ते ४५ सेंटीमीटर आणि दोन ओळींत सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवावं.

चर एकदम बुजवू नये, कोंब वाढेल तशी थोडी थोडी माती ओढावी, असं अजून पुष्कळ पुस्तकांत असतं. मात्र आता काही विद्यापीठांची पत्रकं चर लगेच पूर्ण बुजवायला सांगतात. गड्डा निरोगी असेल आणि माती भुसभुशीत असेल तर कोंब तेवढ्यातून सहज वर येतो. मला हे पटतं. अर्धवट उघड्या चरात वसंतातल्या पावसाचं पाणी साचण्याचा धोका जास्त वाटतो.

जातींची कहाणी एका रोगापासून सुरू होते. १८९६ च्या सुमारास अ‍ॅस्परॅगसवरचा तांबेरा युरोपातून अमेरिकेत पोचला आणि पूर्वेकडची शेतंच्या शेतं बसली. अमेरिकी कृषी खात्याचे जे. बी. नॉर्टन यांनी १९०६ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या कॉंकर्ड इथे तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या झाडांचा शोध आणि संकर सुरू केला. त्यातून आलेली ‘मेरी वॉशिंग्टन’ ही जात आजही बियांच्या दुकानात मिळते. पण तिच्यात नर आणि मादी झाडं निम्मी निम्मी निघतात.

पपईत आपल्याला मादी झाड हवं असतं, इथे गणित उलटं आहे. मादी झाड लाल फळं धरतं आणि त्यात त्याची ताकद जाते. नर झाड तीच ताकद मुळांकडे पाठवतं, त्यामुळे जास्त कोंब देतं आणि जास्त वर्षं टिकतं. रटगर्सच्या हॉवर्ड एलिसन यांनी नेमका याचा पाठपुरावा केला. काही मोजक्या नर झाडांवर क्वचित बी धरतं. त्यांच्या संततीतून अशी झाडं निवडता येतात की ज्यांची सगळी पिल्लं नरच निघतात. या पद्धतीतून ‘जर्सी जायंट’, ‘जर्सी नाइट’, ‘जर्सी सुप्रीम’ या जाती आल्या. नेदरलँड्समधली ‘खेइनलिम’ आणि कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाची ‘मिलेनियम’ याही नरच. थंडीच्या प्रदेशात आज मला ‘मिलेनियम’ सर्वांत भरवशाची वाटते. जुन्या जातीची हौस असेल त्यांनी ‘मेरी वॉशिंग्टन’ जरूर लावावी, मात्र फळं गळून वाफ्यात उगवणारी रोपं वेळेवर काढावीत. ती तणासारखीच गर्दी करतात. लहान मुलं असतील तर लाल फळांवर लक्ष ठेवावं, ती खाल्ल्यास पोट बिघडतं. जांभळ्या जातींचे कोंब गोड आणि कमी तंतूंचे असतात. साध्या अ‍ॅस्परॅगसमध्ये २० गुणसूत्रं असतात, तर जांभळ्यात ४०. शिजल्यावर त्यांचा रंग हिरवा होतो, म्हणून ते कच्चेच, कोशिंबिरीत खावेत.

मिठाची गोष्ट अनेक आजी-आजोबांच्या बागकामातून आलेली आहे. अ‍ॅस्परॅगस मूळचा समुद्रकाठच्या आणि नदीकाठच्या भागातला, खारेपणा सोसणारा. म्हणून वाफ्यात मीठ टाकून तण मारायची रीत पडली. पुढे रासायनिक खतं आणि तणनाशकं आल्यावर ती मागे पडली आणि तिला खुळचट समजलं जाऊ लागलं. मग कनेटिकटच्या कृषी संशोधन केंद्रातले वेड एल्मर यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की मिठामुळे फ्युजेरियम बुरशीनं होणारी गड्ड्यांची कूज खरोखर कमी होते. ही बुरशी अ‍ॅस्परॅगसचा सर्वांत चिवट शत्रू आहे. एकदा जमिनीत आली की वर्षानुवर्षं जात नाही. म्हणजे जुन्या माणसांचा अनुभव खरा होता, त्याचं कारण मात्र त्यांना वाटलं त्याहून वेगळं निघालं. तरीही परसातल्या वाफ्यात मीठ टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. चिकणमातीची घडण मिठानं बिघडते आणि पावसाबरोबर ते शेजारच्या टोमॅटो-मिरचीच्या मुळांशी जातं. आजार दिसत नसताना हा उपाय करण्यात अर्थ नाही.

आता वाट पाहण्याचा प्रश्न. परंपरेनं सांगितलेला नियम असा: लावणीच्या वर्षी एकही कोंब खुडू नये, दुसऱ्या वर्षीही नाही, तिसऱ्या वर्षी थोडं आणि चौथ्यापासून पुरतं. अलीकडे काही विद्यापीठं लावणीनंतरच्या वसंतात दोन आठवडे हलकी खुडणी करायला सांगतात, कारण त्यानं गड्ड्यावर नवे डोळे जास्त येतात. दोन्ही सल्ल्यांमागे एकच हिशेब आहे. आदल्या उन्हाळ्यात झुडपं दाट आणि उंच झाली असतील तर दोन आठवडे खुडायला हरकत नाही. ती विरळ, गुडघ्याएवढीच राहिली असतील तर आणखी एक वर्ष थांबावं. तिसऱ्या वर्षी साधारण चार आठवडे आणि त्यानंतर सहा ते आठ आठवडे. कॅलेंडरपेक्षा झाडाची उंची पाहून ठरवलेलं बरं, एवढीच माझी भर.

खुडणी कशी करावी यात केटो आणि आजचे लोक आमनेसामने उभे आहेत. केटो कोंब मुळापासून उपटायला सांगतो. अर्धवट तोडला तर झाड फुटत राहतं आणि मरतं, असं त्याचं म्हणणं. युरोपात लांब दांड्याच्या, टोकाला खाच असलेल्या सुरीनं जमिनीखाली कापायची रीत आहे. अशा सुरीनं शेजारचा, अजून वर न आलेला कोंब किंवा डोळा जखमी होऊ शकतो. घरच्या बागेत हातानं मोडणं सर्वांत चांगलं. कोंब १५ ते २० सेंटीमीटरचा झाला, शेंडा अजून घट्ट मिटलेला आहे, तेव्हा जमिनीलगत वाकवला की जिथून कोवळा आहे तिथूनच तो मोडतो. चरबट बुडखा जमिनीवर राहतो आणि स्वयंपाकघरात काही टाकून द्यावं लागत नाही. ऊन तापलं की शेंडे लवकर उमलतात आणि कोंब तंतुमय होतो. त्यामुळे मेच्या अखेरीला कमी उंचीवरच खुडावं लागतं आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा वाफ्यात फेरी मारावी लागते.

बारीक कोंब कोवळा आणि जाड कोंब जून, हा बाजारात सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. कोंबाची जाडी डोळ्याच्या आकारावर ठरते आणि जमिनीतून वर आल्यावर ती वाढत नाही. तोंडात चरबट लागतो तो उष्णतेनं किंवा खुडल्यावर पडून राहिल्यानं. खुडलेला अ‍ॅस्परॅगस भाज्यांमध्ये सर्वांत वेगानं श्वसन करणाऱ्यांपैकी आहे. त्याची साखर काही तासांतच कमी होऊ लागते. बुडखे पाण्यात उभे करून फ्रिजमध्ये ठेवले तर दोन-तीन दिवस बरे राहतात, पण घरी लावण्याचं सगळं सार्थक खुडल्यावर तासाभरात कढईत टाकण्यात आहे. जिरं-लसणाची फोडणी, मोठी आच, तीन-चार मिनिटं. त्याहून जास्त शिजवलं की गिळगिळीत होतो. अ‍ॅस्परॅगसच्याच रसातून १८०६ मध्ये पॅरिसमध्ये वोकलँ आणि रोबिके यांनी अ‍ॅस्परजीन वेगळं काढलं. माणसानं शुद्ध रूपात मिळवलेलं ते पहिलं अमिनो आम्ल.

आणि थांबावं कधी? जर्मनीत याचं उत्तर पंचांगात आहे: २४ जून, संत योहानचा दिवस. त्या दिवसानंतर खुडणी बंद. चेरी लाल झाल्या की अ‍ॅस्परॅगस संपला, असं तिथले शेतकरी म्हणतात. थंडी पडायच्या आत झुडपांना साधारण शंभर दिवस मोकळे मिळावेत, हा त्यामागचा विचार. न्यू जर्सीत खुडणी एप्रिलच्या अखेरीला सुरू होते आणि जूनच्या मध्याला थांबवावी. वाफ्यातले बहुतेक कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक येऊ लागले तर त्या दिवशीच, मग तारीख काहीही असो. मुळांतला साठा संपत आला याची ती खूण. नेमके याच वेळी हात आवरणं कठीण जातं, कारण कोंब अजून येतच असतात. पण त्या कोंबांना झुडूप होऊ द्यायचं असतं. मग कंपोस्टचा थर, कोरड्या आठवड्यांत भरपूर पाणी आणि तणाचा बंदोबस्त. अ‍ॅस्परॅगसची मुळं तणाशी झुंजत नाहीत. पहिल्या दोन वर्षांत हरळीसारखं गवत आत शिरलं तर वाफा गेलाच समजा. उथळ खुरपणी आणि पेंढ्याचं आच्छादन याला पर्याय नाही.

पांढरा अ‍ॅस्परॅगस ही वेगळी जात नव्हे. कोंबांवर मातीचा उंच वरंबा चढवून त्यांना उजेड लागू दिला नाही की ते पांढरे राहतात. जर्मनीत बेलिट्झ आणि श्वेट्झिंगन ही गावं त्यासाठी नावाजलेली आहेत. परसात एवढी माती ओढण्याइतकं ते फळ मोठं नाही, असं माझं मत.

किडींत मुख्य अ‍ॅस्परॅगसचा भुंगा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत तो पहिल्यांदा न्यूयॉर्कजवळ दिसला. कोंबांवर टाचणीसारखी काळपट अंडी उभी चिकटवतो. हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकले की लहान वाफ्याला पुरतं. एक सूक्ष्म गांधीलमाशी त्याच्या अंड्यांवर आणि अळ्यांवर जगते, म्हणून फवारणी टाळावी. भुंगे हिवाळा वाळलेल्या पोकळ काड्यांत काढतात आणि तांबेऱ्याची बीजंही त्यांवरच राहतात. झुडपं पूर्ण पिवळी पडून वाळली की, नोव्हेंबर-डिसेंबरात, ती जमिनीलगत कापून वाफ्याबाहेर न्यावीत. हिरवी असताना मात्र कधीही कापू नयेत. घर स्वच्छ दिसावं म्हणून सप्टेंबरात झुडपं छाटणारे पुढच्या वसंतातलं पीक आधीच कापून टाकत असतात.

महाराष्ट्रात हे होईल का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. आपली शतावरी याच कुळातली, पण वेगळी जात. तिच्या मुळ्या औषधात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तिचे कोवळे कोंब ठाणे-पालघर आणि कोकणातल्या रानभाज्यांत आवडीनं खाल्ले जातात. हारतुऱ्यांत आणि पुष्पगुच्छांत घालतात तो नाजूक अ‍ॅस्परॅगस तिसराच, खाण्याचा नव्हे. भाजीच्या अ‍ॅस्परॅगसला आपल्याकडे अडचण होते ती थंडीच्या विश्रांतीची. झाड झोपत नाही, वर्षभर थोडे थोडे बारीक कोंब येत राहतात आणि साठा कधीच भरत नाही.

उष्ण देशांनी यावर दोन वाटा काढल्या आहेत. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर पाणी तोडून झाडाला झोपवतात आणि पुन्हा पाणी देऊन उठवतात. आपल्याकडे उन्हाळ्यात हे जमेल, पावसाळ्यात कसं जमणार? थायलंड आणि तैवानमध्ये मातृखोडाची पद्धत आहे. प्रत्येक झाडावर तीन ते पाच सशक्त खोडं न खुडता उभी ठेवायची आणि बाकीचे कोंब खुडत राहायचं. दोन-चार महिन्यांनी ती खोडं पिवळी पडू लागली की काही दिवस खुडणी थांबवून नवी खोडं उभी करायची. साठा आणि खुडणी दोन्ही एकाच वेळी चालतात. पुण्या-नाशकाच्या परसात मला हीच पद्धत चालण्यासारखी वाटते.

तिथे कॅलिफोर्निया विद्यापीठानं गरम हवेसाठी काढलेली ‘यूसी १५७’ ही जात घ्यावी, बियांपासून रोपं करावीत आणि वाफा किमान वीतभर उंच ठेवावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत खोडांवर करपा झपाट्यानं पसरतो. जपानमध्ये त्यासाठी वरून प्लास्टिकचं छप्पर घालतात. चार-सहा झाडांवर असं छप्पर घालणं गच्चीतल्या बागेतही शक्य आहे. रोपांची मुळं खोल जातात, तेव्हा कुंडी घेतली तर निदान दोन फूट खोल घ्यावी, आणि लेंडीखत मिळत असेल तर तेच घालावं.